निवडणुकीच्या तोंडावर नेता बदलावा का, आणि बदलायचा असेल तर कसा?

प्रश्न असा आहे: निवडणूक आठ महिन्यांवर आली आहे, पक्षाच्या नेत्याविषयी लोकांत उघड नाराजी आहे, मतचाचण्यांत पक्षाची स्थिती नेत्यापेक्षा थोडी बरी दिसते आणि नेता आपणहून बाजूला होण्याची चिन्हे नाहीत. अशा वेळी नेतृत्वबदल करावा का, केला तर कसा करावा आणि त्याचा मतदानात खरोखर उपयोग होतो का? मतदार-सर्वेक्षण आणि निवडणूक नियोजन या कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा विषय कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत दर निवडणुकीआधी निघतोच. उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण या निर्णयात घाई आणि चालढकल या दोन्हींची किंमत हजारो कार्यकर्त्यांना मोजावी लागते.

माझे मत आधी सांगतो. नेता बदलून निवडणूक सावरल्याची उदाहरणे आहेत, पण त्यांतील बहुतेक ठिकाणी केवळ नवा चेहरा आला म्हणून ती सावरलेली नाही. जुन्या नेत्याच्या ज्या निर्णयाने लोक दुखावले होते, तो निर्णय नव्या नेत्याने सर्वांना दिसेल अशा रीतीने मागे घेतला, तेथे लोकांनी पक्षाला पुन्हा संधी दिली. गाऱ्हाणे जागच्या जागी ठेवून नुसता माणूस बदलला, तर जुन्याची देणी नव्याच्या अंगावर पडतात, आणि ती फेडायला त्याच्याकडे वेळही नसतो.

एकाच देशातील दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसते. कॅनडात 1988 मध्ये ब्रायन मलरोनी यांच्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 295 पैकी 169 जागा जिंकल्या होत्या. त्यानंतर 1991 च्या जानेवारीपासून सात टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, बेकारी वाढली, आणि राज्यघटनेतील बदलांचे दोन मोठे प्रयत्न फसल्यामुळे क्विबेक आणि पश्चिमेकडील प्रांत हे पक्षाचे दोन्ही आधार दुरावले. मलरोनी यांनी 1993 च्या फेब्रुवारीत निवृत्ती जाहीर केली आणि जूनमध्ये किम कॅम्पबेल पंतप्रधान झाल्या. त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होत्या, उन्हाळ्यात त्यांची लोकप्रियता चांगली वाढलीही होती. तरी ऑक्टोबरच्या मतदानात पक्षाला दोन जागा मिळाल्या आणि त्यांत स्वतः कॅम्पबेल यांची जागा नव्हती. कर तसाच होता, बेकारी तशीच होती, आणि दुरावलेल्या मतदारांसाठी क्विबेकमध्ये ब्लॉक क्विबेक्वा व पश्चिमेत रिफॉर्म पार्टी असे दोन नवे पर्याय उभे राहिले होते. ज्याला जायला दुसरे घर मिळाले आहे, असा मतदार नुसत्या नव्या चेहऱ्यासाठी परत येत नाही.

आता 2025 पाहा. जस्टिन ट्रूडो यांनी 6 जानेवारीला पद सोडण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांचा लिबरल पक्ष चाचण्यांमध्ये वीस किंवा त्याहून अधिक टक्क्यांनी मागे होता. 9 मार्चला मार्क कार्नी पक्षाचे नेते झाले आणि 14 मार्चला पंतप्रधान. त्याच दिवशी, मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीत, त्यांनी सामान्य ग्राहकांवरील कार्बन कर शून्यावर आणणाऱ्या आदेशावर सही केली. विरोधकांनी दोन वर्षे ज्या एका कराभोवती आपला सगळा प्रचार उभा केला होता, तो कर मतदानाआधी चार आठवडे पेट्रोल पंपांवरून नाहीसा झाला. 28 एप्रिलच्या निवडणुकीत लिबरल पक्षाला 343 पैकी 169 जागा मिळाल्या आणि सत्ता टिकली. या निकालामागे अमेरिकेच्या आयात शुल्काचा आणि कॅनडाला एक्कावन्नावे राज्य करण्याच्या वक्तव्यांचा मोठा हात होता, हे मान्य करायलाच हवे. परंतु अमेरिकेवरच्या रागातून लोक ज्या माणसामागे उभे राहिले, त्याच्या अंगाला आधीच्या सरकारचे काही चिकटलेले नव्हते. तो कधी मंत्रीही नव्हता.

ब्रिटनमध्ये 1990 साली हेच अधिक संथपणे घडले. मार्गारेट थॅचर यांच्या विरोधात पक्षातच मतदान झाले. पहिल्या फेरीत त्यांना 204 आणि मायकेल हेसल्टाईन यांना 152 मते पडली, नियमाने लागणारी आघाडी चार मतांनी हुकली आणि दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली. जॉन मेजर पंतप्रधान झाले. लोकांचा राग प्रामुख्याने दरडोई स्थानिक करावर, म्हणजे पोल टॅक्सवर होता. मेजर यांच्या सरकारने 1991 च्या मार्चमध्ये तो रद्द करण्याचे जाहीर केले, एवढेच नव्हे तर विक्रीवरील मूल्यवर्धित कर 15 वरून 17.5 टक्क्यांवर नेऊन त्या पैशातून पोल टॅक्सचे बिल दरडोई 140 पौंडांनी कमी केले. घरात येणाऱ्या बिलावरचा आकडा बदलला. या स्थानिक कराचे खाते त्यांनी सोपवले ते थॅचर यांना आव्हान देणाऱ्या हेसल्टाईन यांच्याकडेच. 1992 च्या एप्रिलमध्ये पक्ष सलग चौथ्यांदा निवडून आला.

आपल्याकडच्या राज्यांतही हा धागा सापडतो. उत्तराखंडात 2021 मध्ये चार महिन्यांत दोनदा मुख्यमंत्री बदलला गेला. पुष्करसिंह धामी आल्यावर त्यांनी चारधाम देवस्थान मंडळाचा कायदा मागे घेण्याची घोषणा केली. या कायद्यावरून तीर्थपुरोहित दीर्घकाळ आंदोलन करत होते. 2022 मध्ये भाजपला 70 पैकी 47 जागा मिळाल्या. धामी स्वतः खटीम्यातून पडले, यावरून त्यांची व्यक्तिगत लाट होती असेही म्हणता येत नाही. उलट दिल्लीत 1998 च्या ऑक्टोबरमध्ये, मतदानाला सहा आठवडे उरले असताना, साहिबसिंग वर्मा यांच्या जागी सुषमा स्वराज यांना आणले गेले. वक्तृत्व, प्रतिमा, कामाचा उरक, कशातही त्या कमी नव्हत्या. पण लोकांचा राग कांद्याच्या भावावर होता आणि भाव मुख्यमंत्री बदलल्याने उतरत नसतो. पक्ष 1993 मधील 49 जागांवरून 15 वर आला.

तेव्हा पहिले काम निदानाचे. नाराजी माणसावर आहे, निर्णयावर आहे की पक्षावर आहे? हे ओळखण्यासाठी नेत्याच्या लोकप्रियतेचा एकच आकडा पाहून चालत नाही. तो आकडा वाईट असला म्हणजे बैठकीत सगळ्यांचे एकमत होते, पण त्यातून काय करायचे ते कळत नाही. मी सहसा मतदारांचे दोन समान गट करायला सांगतो. एका गटाला पक्षाचे नाव घेऊन मताचा कल विचारावा, दुसऱ्या गटाला तोच प्रश्न नेत्याच्या नावासह विचारावा. नेत्याचे नाव जोडताच पाठिंबा ठळकपणे घसरत असेल, तर ओझे माणसाचे आहे. दोन्हीकडे आकडा तेवढाच कमी येत असेल, तर नेता बदलून हाती काही लागणार नाही. घोडे दुसरीकडेच पेंड खाते आहे.

त्याहून अधिक मोलाचा असतो तो खुला प्रश्न: तुम्ही नाराज का आहात? याची उत्तरे आकड्यांत बसवण्याआधी जशीच्या तशी वाचावीत, आणि निर्णय घेणाऱ्यांनी ती स्वतः वाचावीत. पन्नास-साठ उत्तरे सलग वाचली की लोक कोणाविषयी बोलत आहेत ते कानाला कळू लागते. नेत्याचे नाव घेऊन, त्याचे बोलणे, त्याचा तोरा, त्याची भेट न मिळणे असे काही सांगत असतील, तर गोष्ट निराळी. आणि "या लोकांनी पाच वर्षांत काय केले" असे म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवत असतील, तर गोष्ट निराळी. दुसऱ्या प्रकारची उत्तरे जास्त असतील तर उपाय उमेदवार बदलण्यात, मंत्र्यांना घरी पाठवण्यात किंवा धोरण फिरवण्यात शोधावा लागतो. गुजरातमध्ये 2021 च्या सप्टेंबरमध्ये विजय रुपाणी यांच्यासह संपूर्ण मंत्रिमंडळच बदलले गेले, नव्या यादीत जुना एकही मंत्री नव्हता, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते. पुढच्या वर्षी तेथे भाजपला 182 पैकी 156 जागा मिळाल्या, अर्थात त्यात विरोधी मतांच्या फुटीचाही वाटा होता.

एका सापळ्याविषयी सावध करतो. "अमुक नेता असता तर तुम्ही मत दिले असते का" या प्रश्नाच्या उत्तरावर पक्ष फार भिस्त ठेवतात. ज्याची अजून परीक्षा झालेली नाही, अशा माणसात प्रत्येक मतदार आपल्याला हवे ते गुण पाहतो. नाव जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून विरोधक त्याची जुनी भाषणे, जुनी मतदाने आणि जुने व्यवहार बाहेर काढू लागतात, आणि चाचणीतले अंतर वेगाने आटते. म्हणून संभाव्य नेत्याविषयी चाचणी घ्यायचीच असेल, तर त्याच्यावर विरोधक जे दोन-तीन आरोप हमखास करतील ते मतदाराला ऐकवून मग कल विचारावा. त्यानंतरही तो पुढे राहत असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

वेळेविषयी लोक विचारतात की मतदानाच्या किती महिने आधीपर्यंत बदल करणे शहाणपणाचे आहे. माझ्या मते महिने मोजण्यापेक्षा पक्षाची घटना उघडून बघावी. न्यूझीलंडमध्ये 2017 साली लेबर पक्षाचा पाठिंबा एका चाचणीत 24 टक्क्यांवर आला आणि अँड्र्यू लिटल यांनी 1 ऑगस्टला राजीनामा दिला. मतदान 23 सप्टेंबरला होते, म्हणजे आठ आठवडेसुद्धा नव्हते. तरीही हे शक्य झाले, कारण निवडणूक तीन महिन्यांच्या आत असेल तर सदस्य आणि कामगार संघटना यांचे लांबलचक मतदान न घेता केवळ खासदारांनी नेता निवडावा, अशी तरतूद त्या पक्षाच्या नियमांत होती. जॅसिंडा आर्डर्न त्याच दिवशी बिनविरोध निवडल्या गेल्या. त्या मार्चपासून उपनेत्या होत्याच, त्यामुळे लोकांना नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. पक्षाला 36.9 टक्के मते मिळाली. नॅशनल पक्ष पहिला राहिला, पण इतरांच्या पाठिंब्याने सरकार आर्डर्न यांचे झाले. याच्या अगदी उलट, ब्रिटनमधील कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 2022 चा संपूर्ण उन्हाळा नेतानिवडीत घालवला. महागाई चढत असताना सत्ताधारी पक्षाचे दोन उमेदवार दूरचित्रवाणीवर एकमेकांची धोरणे मोडीत काढत होते, आणि पुढे विरोधकांना प्रचारासाठी त्यातले बरेच काही आयते मिळाले. लिझ ट्रस आल्या, 49 दिवसांत गेल्या, ऋषी सुनक आले; तोवर लोकांच्या लेखी प्रश्न नेत्याचा राहिला नव्हता. 2019 मध्ये 365 जागा जिंकणारा पक्ष 2024 मध्ये 121 वर थांबला. एका कार्यकाळात एकदा बदल केला तर लोक त्याकडे दुरुस्ती म्हणून पाहतात. दुसऱ्यांदा केला की, उत्तराखंडासारखा अपवाद सोडला तर, यांच्याकडे माणूसच नाही असे म्हणू लागतात.

कायद्याच्या बाजूनेही वेळ तपासावी लागते. आपल्याकडे विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. उत्तराखंडात तीरथसिंह रावत खासदार असताना मुख्यमंत्री झाले, पोटनिवडणुकीचा पेच सुटेना आणि चार महिने पूर्ण होण्याआधी त्यांना पायउतार व्हावे लागले. ज्याला आणायचे त्याच्या जागेचा प्रश्न आधी सोडवावा आणि मग नाव जाहीर करावे, ही इतकी साधी बाब मोठ्या पक्षांकडूनही सुटते.

आता या सगळ्यातील सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भागाकडे येतो: जाणाऱ्या नेत्याला कसे जाऊ द्यायचे. नवा नेता कोण यावर पक्ष महिनाभर खल करतात आणि जुन्याची बोळवण एका रात्रीत उरकतात. त्या रात्रीचे परिणाम प्रचारभर पुरतात.

ऑस्ट्रेलियाच्या लेबर पक्षाने हे दोन्ही प्रकारे करून पाहिले आहे. 1982 मध्ये बॉब हॉक यांनी नेते बिल हेडन यांना आव्हान दिले आणि थोडक्यात हरले. वर्षअखेरीस जिंकायलाच हवी होती अशी एक पोटनिवडणूक पक्षाने गमावली. तेव्हा हेडन यांना बाजूला व्हायला सांगितले ते हॉक यांच्या गटाने नव्हे, तर जॉन बटन या त्यांच्याच विश्वासातील ज्येष्ठ सिनेटरने, एका खासगी पत्राने. हे पत्र या क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे, कारण त्यातून एक नियम निघतो: कटू गोष्ट सांगणारा माणूस नेत्याचा हितचिंतक असावा आणि त्या जागेवर त्याचा स्वतःचा डोळा नसावा. हेडन यांनी 3 फेब्रुवारी 1983 रोजी पद सोडले. योगायोग असा की हेडन यांच्याशीच लढायला मिळावे या हिशोबाने पंतप्रधान माल्कम फ्रेझर त्याच दिवशी संसद विसर्जित करण्याची विनंती घेऊन गव्हर्नर जनरलकडे गेले होते. परत आले तोवर समोरचा प्रतिस्पर्धी बदललेला होता. आपल्या पक्षाचे नेतृत्व गुराख्याच्या कुत्र्याने केले तरी या परिस्थितीत तो जिंकेल, असे हेडन म्हणाले. एवढा कडवटपणा स्वाभाविक होता आणि पक्षाने तो पचवला. 5 मार्चला लेबर पक्षाने 125 पैकी 75 जागा जिंकल्या. हेडन परराष्ट्रमंत्री झाले आणि 1989 मध्ये गव्हर्नर जनरल. दिलेला शब्द पाळला गेला आणि मानही राखला गेला.

याच पक्षाने 2010 मध्ये केविन रड यांना कसे काढले ते पाहा. जूनच्या एका रात्री हालचाली सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान होत्या. बहुतेक मतदारांना आदल्या संध्याकाळपर्यंत याची कुणकुणही नव्हती. चांगले सरकार वाट चुकत होते, एवढेच कारण देण्यात आले. कोणती वाट आणि ती कोणी चुकवली, हे सांगता येण्यासारखे नव्हते, कारण निर्णय घेणाऱ्या टेबलाशी गिलार्ड स्वतः बसलेल्या होत्या. प्रचार ऐन भरात असताना मंत्रिमंडळातील गोपनीय चर्चांची माहिती पत्रकारांपर्यंत पोहोचली: गिलार्ड यांनी पेन्शनवाढीला आणि प्रसूती रजेच्या योजनेला आत विरोध केला होता, अशी. प्रचाराचे बहुमोल दिवस खुलासे करण्यात गेले. निकाल 72 विरुद्ध 72 असा त्रिशंकू लागला. सरकार कसेबसे टिकले, पण जखम भरली नाही. 2013 मध्ये गिलार्ड यांना हटवून रड परत आले आणि पक्ष 55 जागांवर आला. त्या निवडणुकीआधीच, रड परतल्यावर, लेबर पक्षाने नियम बदलला होता: पदावरील पंतप्रधानाच्या विरोधात निवड घडवून आणायची तर तीन चतुर्थांश खासदारांच्या सह्या हव्यात.

पंजाबात काँग्रेसने 2021 मध्ये जे केले ते याच जातीचे होते, आणि त्यात गटबाजीची भर होती. कॅप्टन अमरिंदरसिंग यांच्यावर लोकांची नाराजी होती, हे खरेच. पण त्यांना न कळवता आमदारांची बैठक बोलावली गेली, त्यांनी अपमान झाल्याचे जाहीरपणे सांगत राजीनामा दिला आणि पुढे स्वतःचा पक्ष काढला. चरणजितसिंग चन्नी यांनी आल्यावर काही आठवड्यांतच विजेचे दर युनिटमागे तीन रुपयांनी आणि पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी उतरवले, म्हणजे गाऱ्हाणे मागे घेण्याचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला. परंतु प्रदेशाध्यक्ष नवज्योतसिंग सिद्धू रोज नव्या मुख्यमंत्र्यावर टीका करत होते, नेमणुकांवरून राजीनामा देत होते आणि परत घेत होते. मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार चन्नीच, हे पक्षाने स्पष्ट केले तेव्हा मतदानाला दोन आठवडे उरले होते. 77 जागांचा पक्ष 18 वर आला आणि चन्नी दोन्ही मतदारसंघांत हरले. चांगला निर्णयही अंतर्गत भांडणाच्या गोंगाटात मतदारापर्यंत पोहोचत नाही, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडील पद्धतीचा एक दोष येथेच नोंदवतो. दिल्लीहून निरीक्षक येतात, विधिमंडळ पक्षाची बैठक होते, नेतानिवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव हात वर करून मंजूर होतो आणि तासाभरात नाव येते. हे झटपट होते, फाटाफूट उघड्यावर येत नाही, हा त्याचा फायदा. पण आमदारांनी त्या नेत्याला निवडलेले नसते, त्यामुळे अडचणीच्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही त्यांना वाटत नाही. म्हणून वरून नाव देणाऱ्या पक्षांनी निदान एवढे करावे: घोषणेच्या आधी प्रत्येक प्रमुख इच्छुकाशी स्वतंत्रपणे, समोरासमोर बोलावे, आणि नव्या नेत्याचे नाव मांडण्याचा मान जाणाऱ्या नेत्याला द्यावा. न्यूझीलंडमध्ये आर्डर्न यांचे नाव लिटल यांनीच सुचवले होते, आणि पुढे ते त्यांच्या सरकारात मंत्री झाले.

उत्तराधिकारी जुन्या मंत्रिमंडळातला असावा की बाहेरचा, यावर एकच उत्तर नाही. मात्र आतल्या माणसाला एक परवानगी मिळायलाच हवी, ती म्हणजे वेगळे बोलण्याची. अमेरिकेत 1968 साली लिंडन जॉन्सन यांनी माघार घेतल्यावर उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री उमेदवार झाले, पण व्हिएतनामच्या प्रश्नावर त्यांना अध्यक्षांपासून दूर सरकता येईना. 30 सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतील भाषणात त्यांनी बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवली आणि त्यांची स्थिती सुधारू लागली. अखेर एका टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने ते हरले. हेच भाषण महिनाभर आधी झाले असते तर काय झाले असते, हा विचार त्या काळाचा अभ्यास करणाऱ्या कोणाच्याही मनात येतो. 2024 मध्ये जो बायडन 21 जुलैला बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना 107 दिवस मिळाले. पक्ष झटकन एकवटला, निधी भरपूर आला, सभा भरल्या. ऑक्टोबरमध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना विचारले गेले की तुम्ही बायडन यांच्यापेक्षा काय वेगळे केले असते, आणि असे काही मनात येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. महागाईने गांजलेल्या मतदाराला हवे होते ते नेमके याच प्रश्नाचे उत्तर. निष्ठा हा राजकारणातला मोठा गुण आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण जाणाऱ्या नेत्याने ती निष्ठा मोकळी करून दिली नाही, तर येणाऱ्याच्या गळ्यात ती लोढणे होते.

जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने याच दशकात दोनदा एकच औषध घेतले आणि दोनदा वेगळा गुण आला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. 2021 मध्ये योशिहिदे सुगा यांच्यावरील रोष कोरोनाच्या हाताळणीचा आणि बराचसा व्यक्तिगत होता. फुमिओ किशिदा आले आणि महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत पक्षाने स्पष्ट बहुमत मिळवले. 2024 मध्ये प्रकरण होते पक्षाच्या गटांनी लपवलेल्या निधीचे, म्हणजे डाग पक्षावर होता. शिगेरू इशिबा यांची प्रतिमा स्वच्छ आणि काहीशी बंडखोर होती. त्यांनी 1 ऑक्टोबरला पद घेतले, 9 तारखेला सभागृह विसर्जित केले आणि 27 ला मतदान घेतले. डागाळलेल्या काही उमेदवारांची अधिकृत उमेदवारी काढलीही. मग मतदानाच्या तोंडावर बातमी आली की त्याच उमेदवारांच्या स्थानिक शाखांना पक्षाने प्रत्येकी दोन कोटी येन पाठवले आहेत. आघाडीचे बहुमत गेले.

काही वेळा न बदलण्याचीही किंमत मोजावी लागते. जर्मनीत 2024 च्या अखेरीस चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्यापेक्षा संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस कितीतरी अधिक लोकप्रिय होते. पक्षात काही आठवडे उघड चर्चा झाली, मग पिस्टोरियस यांनी आपण उमेदवार नसल्याचे सांगितले, आणि शोल्झ यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला फेब्रुवारी 2025 मध्ये 16.4 टक्के मते मिळाली. पिस्टोरियस असते तर निकाल वेगळा लागला असता, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण नेता बदलायचा नव्हता तर ती चर्चा दोन दिवसांत संपवायला हवी होती, एवढे नक्की. आपल्याच पक्षाला नकोसा झालेला नेता, अशी पाटी गळ्यात अडकवून त्याला लोकांपुढे पाठवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि पक्ष बहुधा नेमका तोच निवडतात, कारण त्यात कोणालाच निर्णय घ्यावा लागत नाही.

तुमच्या प्रश्नातील परिस्थितीत, पक्ष नेत्यापेक्षा बरा दिसत असेल आणि हातात आठ महिने असतील, तर बदल करण्यास जागा आहे असे मी म्हणेन. पण पुढील क्रमाने. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर सांगितलेली दुहेरी चाचणी करा आणि खुली उत्तरे वाचा. त्यातून लोकांना सलणारा जो निर्णय पुढे येईल, तो मागे घेता येईल का, त्याला किती पैसा लागेल, कोणता आदेश किंवा कायदा लागेल, हे नावाची चर्चा सुरू होण्याआधी कागदावर आणा. सत्तेत नसाल तर त्याच जागी पक्षाची एखादी भूमिका किंवा वादग्रस्त पदाधिकारी असेल. मागे घेण्यासारखे काहीच सापडले नाही, तर नेता बदलू नका. सारी ताकद उमेदवार निवडण्यावर लावा. सापडले, तर नेत्याशी बोलण्यासाठी त्याच्या जवळची, पदाची अपेक्षा नसलेली एकच व्यक्ती पाठवा. तिच्या हाती आकडे आणि उत्तरे जशीच्या तशी द्या, नेत्याच्या पुढील भूमिकेविषयी पाळता येईल असा एकच ठोस शब्द द्या, आणि विचार करायला त्याला आठवडाभर मोकळा सोडा. त्या आठवड्यात पत्रकारांना एक अक्षरही कळता कामा नये.

तो हो म्हणाला, तर घोषणा त्याच्या तोंडून होऊ द्या आणि नव्या नेत्याचा पहिला निर्णय त्यानंतर दहा दिवसांच्या आत लोकांपर्यंत पोहोचवा. तो नाही म्हणाला आणि त्याला हटवण्याइतके स्पष्ट बहुमत तुमच्याकडे नसेल, तर त्याच दिवशी विषय बंद करा, ज्यांना बदल हवा होता त्यांनाच त्याच्या शेजारी व्यासपीठावर बसवा, आणि तो सलणारा निर्णय मागे घेण्याची घोषणा त्याच्याच हातून करून घ्या. त्याला हटवता आले नाही तरी हा निर्णय मागे घ्यायला लावणे बहुतेक वेळा शक्य असते, आणि मतदाराला त्याचीच अधिक प्रतीक्षा असते.